कॉन्सुल, ट्रिब्यून, डिक्टेटर : फ्रेंच क्रांतीतले रोमन शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रश्न : १७९९ नंतरच्या फ्रान्सवरचा मजकूर मराठीत आणताना 'कॉन्सुल'ला कोशात 'वाणिज्यदूत' मिळतो. मग नेपोलियन 'पहिला वाणिज्यदूत' का? आणि 'ट्रिब्युनेट' म्हणजे न्यायाधिकरण का?

प्रतिसाद : दोन्ही नकोत. रोमन प्रजासत्ताकात कॉन्सुल हा सर्वोच्च अधिकारी. एका वेळी दोघे, मुदत एक वर्ष, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला अडवता येई. मध्ययुगात इटलीतल्या शहरांनी आपल्या कारभाऱ्यांना हेच नाव दिलं, पुढे परमुलखातल्या व्यापाऱ्यांच्या प्रमुखालाही ते लागलं. आजचा वाणिज्यदूत त्या वाटेने आला. बोनापार्टची पदवी मात्र थेट रोमहून उचललेली आहे, म्हणून 'पहिला कॉन्सुल' असंच लिहावं.

पण नुसतं नाव ठेवून भागत नाही. डिसेंबर १७९९ च्या राज्यघटनेत कॉन्सुल तीन आणि मुदत दहा वर्षं (तिसऱ्याला त्या खेपेपुरती पाच). कलम ४२ बघा : दुसऱ्या-तिसऱ्याने नोंदवहीत हजेरीची सही करायची, वाटल्यास मत लिहायचं, त्यानंतर पहिल्याचा निर्णय पुरेसा. एकमेकांना अडवण्याची रोमन सोय इथे काढूनच टाकली होती. पहिल्याच उल्लेखाला हे एका वाक्यात सांगितलं नाही, तर रोमचा इतिहास माहीत असलेला वाचक हमखास फसतो.

प्रतिसाद : 'न्यायाधिकरण' तर घातकच. १७९३ ते १७९५ दरम्यान पॅरिसमध्ये खरंखुरं 'क्रांतिकारी न्यायाधिकरण' होतं, लोकांना गिलोटिनवर पाठवणारं. ट्रिब्युनेट वेगळं, ती १७९९ च्या राज्यघटनेतली एक सभा : १०० सभासद, विधेयकावर चर्चा करून आपला कौल कळवणारे. अंतिम मतदान ३०० जणांच्या कायदेमंडळात होई आणि तिथल्या सभासदांना चर्चेची मुभा नव्हती. रोमचा ट्रिब्यून म्हणजे सामान्य जनतेच्या बाजूने उभा राहणारा अधिकारी. त्याच्या हाती व्हीटो (निर्णय रोखण्याचा अधिकार) होता, त्याच्या अंगाला हात लावणं हे पाप मानलं जाई. इथल्या सभासदांना यातला व्हीटो मिळाला नाही. १८०७ मध्ये ही सभाच बरखास्त झाली.

क्रांतिकाळातला पत्रकार बाबफ याचं प्रकरण निराळं. त्याने स्वतः 'ग्राकुस' हे नाव घेतलं, कारण जमीनवाटपाचा कायदा मांडणारे ग्राकुस बंधू रोममध्ये ट्रिब्यून होते. बाबफच्या वृत्तपत्राच्या नावात 'ट्रिब्यून' आहे, तिथे 'जनतेचा कैवारी' चपखल बसतं.

प्रतिसाद : 'डिक्टेटर'चीही भर घालतो. रोममध्ये संकटकाळी सिनेटच्या सांगण्यावरून कॉन्सुल डिक्टेटर नेमत असे, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. सुल्ला आणि सीझर या सेनापतींनी ती मर्यादा मोडली. २५ सप्टेंबर १७९२ ला मारा या क्रांतिकारी पत्रकाराने फ्रेंच संसदेत उघड सांगितलं की, डिक्टेटर नेमण्याची कल्पना आपलीच. तिथे 'हुकूमशहा' लिहिलं तर विसाव्या शतकातला, पायउतार न होणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिवाय त्या शब्दात 'शहा' आहे, आणि ही मंडळी तर राजेशाही मोडायला निघालेली. माझ्या मते मुदतबंद रोमन पदासाठी 'डिक्टेटर' ठेवावा. विरोधकांनी क्रांतीचा नेता रोबेस्पिएर याच्यावर केलेल्या आरोपात मात्र 'हुकूमशहा' चालेल, कारण तिथे तो शब्द शिवीसारखाच वापरला होता.

प्रतिसाद : 'सिनेट'ला 'अधिसभा' म्हणू नये. ते विद्यापीठाचं मंडळ.