एसीएल शस्त्रक्रियेनंतर वेदना नसतानाही थांबावे का?

प्रश्न : मी फुटबॉल खेळते. गुडघ्यातील एसीएल लिगामेंटची (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याची) शस्त्रक्रियेने पुनर्रचना होऊन साडेपाच महिने झाले आहेत. सूज नाही, सरळ धावताना दुखतही नाही. तरीही फिजिओथेरपिस्ट सामना खेळण्याची परवानगी देत नाहीत. याचे कारण काय असावे?

उत्तर १ : वेदना थांबली म्हणजे लिगामेंट तयार झाले, असे नसते. त्याच्या जागी बसवलेल्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीला) नवा रक्तपुरवठा मिळून तिचे हळूहळू लिगामेंटसारख्या ऊतीत रूपांतर व्हावे लागते, आणि ही प्रक्रिया वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालते. सुरुवातीच्या काही महिन्यांत तर ही कंडरा बसवली तेव्हापेक्षाही कमकुवत असते. अचानक दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळात ९ महिन्यांच्या आत परतल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो. कृपया घाई करू नका.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, परंतु केवळ महिने मोजणेही पुरेसे नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजून घ्या. ती दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. एका पायावरील उडीचे अंतर मात्र फसवे ठरू शकते, कारण गुडघ्याची उणीव नितंब आणि घोटा भरून काढतात. म्हणून उतरताना गुडघा आत झुकतो का, हेही तपासावे.

उत्तर ३ : माझी हीच शस्त्रक्रिया झाली होती. ताकद परतल्यावरही वळताना मनात भीती राहिली होती. ती लपवू नका, फिजिओथेरपिस्टना स्पष्ट सांगा; माझ्या व्यायामांचा क्रम त्यानुसार बदलला गेला आणि त्याचा मला खरोखर उपयोग झाला.