मदत हवी आहे: शनिवार-रविवारसाठी जुनी एमजीबी रोडस्टर घेऊ का?

टेम्सकाठ

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात रेडिंगला राहतो. रोजच्या धावपळीला टोयोटा आहे आणि ती राहणारच आहे. तिच्या जोडीला छत उघडून हिंडता येईल अशी एक जुनी गाडी घ्यावी, हे खूळ बरेच दिवस डोक्यात आहे. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार, हेन्ली, वॉलिंगफर्ड, चिल्टर्नच्या टेकड्या, फार तर कॉट्सवोल्ड्स. शर्यती लावायच्या नाहीत.

बजेट दहा हजार पौंड, आणि सुरुवातीची डागडुजी त्यातच बसवायची आहे. बरंच वाचून एमजी कंपनीच्या एमजीबी रोडस्टरवर (दोन सीटची, छत उघडणारी) येऊन थांबलोय. १९६२ ते १९८० ही गाडी आमच्या जवळच ॲबिंग्डनला बनत होती. जीटी (तिचीच बंद छताची बहीण) धरून पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून नवेकोरे मिळतात म्हणे. दोन गाड्या हेरून ठेवल्यात.

पहिली १९७३ची, लाल, क्रोम बंपर, रंग असा की आरशासारखा चेहरा बघून घ्यावा. डीलरकडे आहे. तो म्हणतो, "पूर्ण रिस्टोअर केलेली." कागद विचारले तर व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि टायरचं बिल, बस. ९,७५० पौंड.

दुसरी १९७२ची, पांढरी. रंग मळकट, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली, छताची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडलेली. एका निवृत्त गृहस्थांकडे वर्षानुवर्षं आहे. बिलांची जाडजूड फाइल, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा जास्तीचा गिअर), तारांची चाकं. ७,८०० मागतायत.

बायकोला लाल आवडलीय. मला दोन्ही आवडल्यात, हीच पंचाईत. मला पाना धरता येतो, वेल्डिंग येत नाही. घराला ड्राइव्हवे आहे, बंद गॅरेज नाही. जाणकारांनी सांगावं: काय बघू, कशाला घाबरू, आणि मुळात घेऊ का?

पत्रेवाला

धागा वाचून हात शिवशिवले. कॉव्हेंट्रीजवळ राहतो, या गाड्यांखाली बरीच वर्षं आडवा पडलोय.

इंजिन, गिअरबॉक्स, सीट, छत हे सगळं विसरा. आधी पत्रा बघा. एमजीबीला वेगळी चासी नाही, मॉनोकॉक बॉडी आहे, म्हणजे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. वर छतही नाही, म्हणजे गाडी मधोमध वाकू न देण्याचं बरंचसं काम दरवाजांखालच्या सिलवर पडतं. हा सिल एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा सिल, आतला सिल, दोघांच्या मधला उभा पत्रा आणि खाली आतल्या अंगाला कॅसल रेल नावाची पट्टी, अशी ती पेटी असते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि पाणी चाकाच्या कमानीतून आत जातं आणि पेटी आतून कुजते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला माल गेलेला असतो.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. नीट करणारा माणूस पुढची मडगार्डं काढतो (ती बोल्टवर असतात), मागच्या मडगार्डाचा खालचा तुकडा कापतो, दरवाजाच्या चौकटीत आडवा बार ठोकून माप धरतो आणि मग सगळी कूज काढून नवा सिल जोडतो. दुसरा माणूस जुन्या गंजावरच नवा पत्रा चढवतो, कडेला लांबी (पुट्टी) भरतो आणि वर झकास रंग मारतो. वर्षभर गाडी फोटोत छान दिसते.

ओळखायचं कसं? दरवाजाच्या मागच्या कडेची फट बघा. वर मिटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी पोटात बसलीय. मग मालकाला विचारून जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावा, एक बाजू उचला आणि दरवाजा उघडून मिटून बघा. घासायला लागला, अडला, की नमस्कार करून निघा. जॅक लावूच देत नसेल तर त्याहून लवकर निघा.

सोबत एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या. सिलचा खालचा भाग, पुढच्या मडगार्डाची मागची कड आणि मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, या तीन ठिकाणी फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे लांबी आहे. (सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असायचं, तिथे चुंबक न चिकटणं चांगलं लक्षण. तुमच्या दोन्ही गाड्यांचं बॉनेट स्टीलचंच हवं.) सीटमागचं झाकण उचलून बॅटरीची खोकी बघायला विसरू नका. त्या काळात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसवायचे, आणि ॲसिड सांडून तळ गायब झालेला असतो.

"पूर्ण रिस्टोअर" केलेल्या गाडीचे काम चालू असतानाचे फोटो असतात. ज्याने वेल्डिंगवर हजारो पौंड घातले तो फोटो काढतोच. डीलरकडे ते नसतील तर तुम्ही फक्त रंगाचे पैसे देताय.

मुळामुठा

एमजी म्हणजे आमच्या सोसायटीत हेक्टर उभी असते तीच ना? तिला सनरूफ आहे की. तीच घ्या, सर्व्हिस सेंटरही मिळेल. :)

नाशिककर बुवा

मुळामुठा, हेक्टरशी नातं फक्त नावापुरतं. ते नाव आता चीनच्या एसएआयसीकडे आहे. खरं नातं आपल्या अँबेसिडरशी. दोन्हींत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज इंजिन, अँबेसिडरमध्ये १४८९ सीसी, एमजीबीत १७९८ सीसी आणि वर दोन एसयू कार्ब्युरेटर. आमच्या वडिलांचं गॅरेज होतं, लहानपणी टॅक्सीची ही इंजिनं उघडलेली बघत मोठा झालो. दणकट काम. तेल गळतं, पण मरत नाही.

टेम्सकाठ साहेब, इंजिन थंड असताना बघायला जा. आधी फोन करून सांगा की माझ्यासाठी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येईल, क्षणात थांबली पाहिजे. थांबतच नसेल तर कुठेतरी हवा किंवा गळती. चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हावं. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर पन्नास पीएसआयच्या पुढे हवं, उभी असताना वीसच्या आसपास आलं तरी घाबरू नका. उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दाबा आणि आरशात बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना मागून "टंग" असा आवाज येईल. डिफरन्शियलमधले (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) वॉशर झिजलेले असतात, या गाड्यांत नेहमीचंच आहे. त्यावरून भाव पाडा, गाडी सोडू नका. क्लच मात्र नीट तपासा. प्लेट बदलायची तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं.

ओव्हरड्राइव्ह असणं फार मोठी गोष्ट. ताशी ७० मैलांना त्याशिवाय इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या जवळ किंचाळतं, लावल्यावर बत्तीसशेवर येतं. बटण दाबल्यावर आवाज पडतो की नाही ते स्वतः चालवून बघा.

हिशेबनीस

विरोधी पक्षात बसतो. भावनेत न वाहता माझदा एमएक्स-५ बघा. १९८९ला आली ती मुळात असल्याच ब्रिटिश रोडस्टरची आठवण ठेवून, पण जपान्यांनी तेल न गळणारी बनवली. पहिल्या पिढीची चांगली गाडी तुमच्या बजेटात बसून पैसे उरतील. छत एका हाताने मागे टाकता येतं. सकाळी सुरू होते. प्रश्न मिटला.

पत्रेवाला

हिशेबनीस, एमएक्स-५चेही मागचे सिल कुजतात हो. बाकी तुमचं म्हणणं मान्य. ज्याला फक्त गाडी चालवायचीय त्याने तीच घ्यावी. ज्याला चालवण्याआधी तासभर तिच्याशी खुडबुड करायला आवडतं त्याने एमजीबी घ्यावी. एमजीबीच्या पुढच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात ते दांडे) दर तीन हजार मैलांनी ग्रीस मारावं लागतं. हे वाचून कंटाळा आला असेल तर उत्तर मिळालं.

लीड्सची सून

इथे सगळे पुरुष सिलबद्दल बोलतायत. टेम्सकाठ दादा, घरात मूल आहे का? रोडस्टरला दोनच सीट असतात. आमच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर होती. दर रविवारी कुणाची पाळी यावरून घरात तंटा. शेवटी मी आणि मुलगा टोयोटातून मागे मागे, आणि नवरोजी टोपी घालून पुढे. विकली.

मूल लहान असेल तर एमजीबी जीटीचा विचार करा. मागे छोटा बाक आहे, पाऊस आला तर त्रास नाही, आणि रोडस्टरपेक्षा स्वस्त मिळते. छत उघडत नाही हे खरं. पण इंग्लंडात छत किती वेळा उघडणार आहात?

बाकी ड्राइव्हवेवर ठेवणार असाल तर हवा खेळणारं कव्हर घ्या. साध्या ताडपत्रीखाली गाडीला घाम फुटतो आणि गंज दुप्पट वेगाने धरतो.

टेम्सकाठ

सगळ्यांचे आभार. सूनताई, मुलगी आहे, नववीत. तिने जाहीर केलंय की पुढची सीट तिची आणि आईने टोयोटा आणावी. तो तह घरात परस्पर झालाय.

कागदपत्रांचं कुणी सांगेल का? टॅक्स, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी), विमा?

हिशेबनीस

हरलो तरी मदत करतो. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, पण दर वर्षी अर्ज करून तो शून्य "भरावा" लागतोच. २०१८पासून अशा गाडीला, फार बदल केलेले नसतील तर, एमओटीही सक्तीची नाही. इथेच लोक फसतात. सक्ती नाही म्हणून कित्येक वर्षं गाडीखाली कुणी बघितलेलंच नसतं. दोन्ही विक्रेत्यांना म्हणा, खर्च माझा, ताजी एमओटी करू. आणि सरकारी साइटवर नंबर टाकून जुना एमओटी इतिहास फुकट बघा. मैल, नापास झाल्याची कारणं, "सिलला गंज" अशा सूचना, सगळं तिथे असतं.

लंडनला नेलीत तर यूलेझ (प्रदूषणाचा कर) लागत नाही, कंजेशन चार्ज (मध्य लंडनच्या गर्दीचा कर) लागतो. विमा क्लासिक पॉलिसीचा घ्या, मैलांची मर्यादा घालून आणि गाडीची किंमत आधी ठरवून. तसं नसेल तर ठोकल्यावर विमावाले पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून हातावर चार पैसे टेकवतील.

पेट्रोल: २०२१पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय. जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. महागडं सुपर ई५ टाका. वर्षाला फिरून फिरून किती फिरणार! इंजिनच्या हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, ते फाइलीत शोधा.

टेम्सकाठ

दोन्हीकडे जाऊन आलो. लालवाल्याला जॅकचं विचारल्यावर "इन्शुरन्समध्ये बसत नाही" म्हणाला. चुंबक मात्र फिरवून घेतलं. डाव्या मागच्या चाकाच्या पुढे चिकटेचना, तळहाताएवढ्या भागात. दरवाजाची फट वर इतकी कमी की नाणं जाईना. एमओटी इतिहासात शेवटच्या तपासणीत दोन्ही बाजूंना गंजाची सूचना, त्यानंतर एमओटीच नाही. बायकोने ते वाचलं आणि लाल रंगाचा विषय स्वतःच संपवला.

पांढरीच्या मालकांनी स्वतः जॅक आणून लावला. दरवाजा टिक करून मिटला. फाइलीत नव्या सिलचं बिल, मडगार्डं उतरवलेली असतानाचे फोटो, नव्या व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या हेडचं बिल. ऑइल प्रेशर बुवांनी सांगितलं तसं. "टंग" पण आहे. ओव्हरड्राइव्ह एकदा लागला, एकदा नाही. पुढचं उजवं चाक थोडं डुलतं. ७,२००ला ठरली. पुढच्या शनिवारी आणतोय.

ओव्हरड्राइव्हचं मोठं काम असेल का? आणि घरी आणताना गाडीत काय ठेवू?

नाशिककर बुवा

अभिनंदन! ओव्हरड्राइव्ह कधी लागतो कधी नाही म्हणजे बहुतेक वायर, स्विच किंवा गिअरबॉक्समधलं तेल कमी. आधी तेल भरा, मग कनेक्शन घासा. लगेच खोलायला देऊ नका.

पत्रेवाला

चाक डुलतंय ते किंगपिन किंवा तारांच्या चाकाचे दाते. चाक काढून हबवरचे दाते बोटाने चाचपा. टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचं. हे आणण्याआधी बघा, नंतर नाही.

सोबत फॅन बेल्ट, फ्यूज, रोटर आर्म, कंडेन्सर, पाण्याची बाटली, इंजिन ऑइल. आणि तांब्याची हातोडी. चाकाचा मधला नट तिनेच सोडवायचा. लोखंडी हातोडीने ठोकलात तर क्रोम उडेल आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत तुमची अब्रू जाईल. दोन्ही बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट असतात. सोडवायची दिशा नटावरच लिहिलेली असते, वाचूनच मारा.