मदत हवी आहे: फायरवॉल ब्लॉक केलं म्हणतंय, पण बाहेर खरंच काही जात नाहीये हे तपासायचं कसं?

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. केळीच्या पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, आठ-अ, पॅनकार्ड, पोरांचे दाखले असली कामं. सगळं एकाच पीसीवर, विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे माहितीये, नवीन मशीनचं बघतोच आहे पण विम्याच्या गर्दीत राहून गेलं. गावातल्या लोकांच्या आधार आणि पासबुकाच्या स्कॅन ह्याच पीसीत आहेत म्हणून जीव टांगणीला लागलाय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे लाईट गेली की पीसी इन्व्हर्टरवर चालतो पण फायबरची लाईन वरूनच बंद पडते, मग मी मोबाईलचं हॉटस्पॉट लावतो. मागच्या आठवड्यात दोन-तीन दिवस असं झालं की हॉटस्पॉट लावल्यावर तासाभरात दिवसाचा डेटा खलास. रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कच्या टॅबमध्ये बघितलं तर एक अनोळखी प्रोग्राम सारखा काहीतरी पाठवत होता, येणारं कमी आणि जाणारं जास्त. फाईल ॲपडेटा फोल्डरमध्ये सापडली, स्कॅनर बसवून देणाऱ्याने त्या दिवशी जे काय टाकलं त्याच तारखेची.

मला वाटायचं विंडोजचं फायरवॉल चालू आहे मंजे काळजी नाही. वाचल्यावर कळलं की ते मुळात बाहेरून आत येणारं अडवतं, आतून बाहेर जाणाऱ्याला आपण स्वतः नियम केल्याशिवाय कोणी विचारत नाही. मग ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवाल्या खिडकीत जाऊन आउटबाउंड रूल, मंजे बाहेर जाणाऱ्यासाठीचा नियम केला, त्या फाईलचा पाथ (ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता) दिला, ब्लॉक केलं. लाल खूण आली. पण परवा परत लाईट गेली, हॉटस्पॉट लावलं, आणि डेटा परत तसाच गेला!

तर प्रश्न हा की नियम काम करतोय का नाही ह्याची परीक्षा घ्यायची कशी? तो प्रोग्राम काही माझ्या सांगण्याने बाहेर जात नाही, त्याच्या मनात येईल तेव्हा जातो. ऑनलाइन पोर्ट (पीसीत ये-जा करायचे नंबरवार दरवाजे) तपासणाऱ्या साइट बघितल्या पण त्या सगळ्या बाहेरून आत काय उघडं आहे ते सांगतात, मला उलटं पाहिजे.

धुळेकर:
भाऊ, प्रश्न बरोबर विचारलात, बरेच जण त्या लाल खुणेवर विश्वास ठेवून मोकळे होतात. ह्या परीक्षेला लीक टेस्ट म्हणतात. स्टीव्ह गिब्सन यांचा लीकटेस्ट नावाचा प्रोग्राम फार जुना आहे, त्यात युक्ती एवढीच की त्या प्रोग्रामला परवानगी असलेल्या प्रोग्रामचं नाव द्यायचं आणि चालवून बघायचं. त्या काळात नुसतं नाव बघून सोडणारी फायरवॉलं होती, ती लगेच फसायची.

तुम्ही असं करा. एखादा जुना लॅपटॉप त्याच राउटरवर घ्या, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यात टाका, रिकामं फोल्डर बनवून त्यातूनच त्याचा साधा वेब सर्व्हर ८००० पोर्टवर चालू करा. रिकामंच हं, कारण त्या फोल्डरमधलं सगळं नेटवर्कवर दिसतं. आता पीसीवर कर्ल वापरा, कमांड देऊन वेबचा पत्ता मागवणारा छोटा प्रोग्राम आहे तो, विंडोज १० मध्ये १८०३ व्हर्जनपासून ते आपोआप येतं. कर्लवर तुमच्यासारखाच ब्लॉक नियम लावा आणि त्याने लॅपटॉपचा पत्ता मागवा. कोणी आलं की लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओळ उमटते.

पण आधी नियम बंद ठेवून एकदा जाऊ द्या, हे विसरू नका. लॅपटॉपच्या स्वतःच्या फायरवॉलने ८००० पोर्ट अडवलं असेल तर ओळ येणारच नाही आणि तुम्हाला वाटेल आपला नियम भारी चालतोय. आधी ओळ आली, मग नियम लावला आणि यायची थांबली, तरच ते अडवणं खरं. सोबत फायरवॉल प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अडवलेल्या पॅकेटचा लॉग, म्हणजे काय काय अडवलं त्याची नोंद, चालू करा, तो मुळात बंद असतो. लॉगमध्ये ड्रॉप दिसलं पाहिजे आणि लॅपटॉपवर शांतता पाहिजे, दोन्ही.

आणि ही सगळी परीक्षा हॉटस्पॉटवर पण घ्या. डेटा तिथेच जातोय ना.

धागाकर्ता:
दादा, सापडलं! फायबरवर नियम पक्का चालला, लॅपटॉपवर काही नाही, लॉगमध्ये ड्रॉप. दोन्ही मशीन हॉटस्पॉटवर घेतली तर ओळ आली. नियम करताना डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशा नेटवर्कच्या तीन प्रकारांच्या (प्रोफाइलच्या) टिका असतात, त्यातली पब्लिकची मी काढून टाकली होती, मला वाटलं पब्लिक मंजे स्टँडवरचं वायफाय, आपला काय संबंध. विंडोजने मोबाईलच्या हॉटस्पॉटला पब्लिक धरलेलं होतं. मंजे लाईट गेली की नियमच गायब. आता तिन्ही टिका आहेत.

मग तुमची नाव बदलायची युक्ती पण केली. कर्लची कॉपी डी ड्राइव्हवर टाकली, नाव दिलं हिशोब, चालवली, तर सरळ बाहेर! नियम पाथवर आहे, फाईल हलली की संपलं. तो ॲपडेटातला प्रोग्राम उद्या अपडेट होऊन दुसऱ्या फोल्डरात बसला तर मला कळणार पण नाही. म्हणून आता तिन्ही प्रोफाइलला बाहेर जाणारं सगळंच बंद केलं आणि ब्राउझर, अँटीव्हायरस, विंडोज अपडेट अशांना एकेक करून सोडलं. पहिल्या दिवशी प्रिंटर पण बंद पडला, गिऱ्हाईक ताटकळले, पण संध्याकाळपर्यंत बसलं सगळं. हिशोब नावाची कॉपी आता अडकते.

एक मात्र राहिलं. बॅच फाईल (कमांडची यादी एका फाईलीत) लिहून ब्राउझरलाच लॅपटॉपचा पत्ता उघडायला लावला, तर ओळ आली. ब्राउझरला परवानगी आहे, तो कोणाच्या सांगण्यावरून गेला हे फायरवॉलने विचारलंच नाही. हे कसं अडवायचं?

धुळेकर:
विंडोजच्या फायरवॉलने नाही अडणार. ते फक्त पाठवतंय कोण एवढंच बघतं, त्याला उठवलं कोणी हे नाही. कोमोडोसारख्या काही फायरवॉलमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याला चालवतोय का ह्यावर नजर ठेवायची सोय असते, पण ती सारखी विचारत बसते, सेवा केंद्राच्या गर्दीत कोणीतरी कंटाळून हो दाबणारच. आणि मुख्य गोष्ट, तो प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालत असेल तर तुमचे नियम तो स्वतः पुसू शकतो. परीक्षा घेतलीत हे उत्तमच केलंत, पण लोकांचे आधार आहेत त्या मशीनवर त्याला कोंडून ठेवू नका, काढा. फॉरमॅट करा भो.

धागाकर्ता:
ठरलं. रविवारी बाजार नसतो, त्या दिवशी करतो. स्कॅन बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतल्या आणि काम झालेल्या लोकांच्या पुसून टाकल्या, इतकी वर्षं उगाच साठवल्या होत्या. एकच विचारतो, एवढा खपून केलेला नियमांचा संच एक्सपोर्ट पॉलिसीने काढून ठेवलाय, फॉरमॅटनंतर तोच परत लावला तर चालेल ना?

धुळेकर:
नको. त्या प्रोग्रामने स्वतःसाठी एखादा नियम घुसवला असेल तर तोही त्या फाईलमधून परत येईल. यादी समोर ठेवून हाताने नव्याने करा, आणि झालं की दोन्ही नेटवर लॅपटॉप लावून परत बघा.