मदत हवी आहे: मांडीवरचं होल्स्टर खाली सरकतंय, फिरतंय, घासतंय (सोलापूर)

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. ड्रॉप लेग होल्स्टर, म्हणजे मांडीला बांधायचं, ते नीट बसवायला मदत पाहिजे.

हत्यार ९ मि.मी. ऑटो पिस्तूल, इशापूरच्या रायफल कारखान्याचं, १३ राउंडचं मॅगझिन. होल्स्टर जाड नायलॉनचं, "सगळ्या पिस्तुलांना चालतं" म्हणून विकतात ते. कमरेकडून एक उभा पट्टा, मांडीला दोन आडवे पट्टे, पुढं जादा मॅगझिनचा कप्पा. कंबर ३४ इंच, मांडी वरच्या बाजूला ५७ सें.मी., उंची ५ फूट ७, उजवा हात. बुलेटप्रूफ जाकीट कधी असतं, कधी नसतं. ड्युटी १०-१२ तास, बहुतेक उभ्यानं आणि चालत, मधे जीप.

अर्ध्या तासात सगळं खाली सरकायलंय, गुडघ्याच्या वर चार बोटांवर येऊन थांबायलंय. पळालं की मांडीवर आपटतं आणि फिरून पुढं येतं. घट्ट केलं तर दोन तासांत मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या. आतल्या बाजूला घामानं कातडी सोलायलीय, एप्रिल-मे तर विचारूच नका. नवीन घ्यावं का हेच सुधरेल?

नेम_नीट
आधी एक गोष्ट. बसवाबसवी करताना पिस्तूल लागत नाही. होल्स्टरमध्ये एक लिटर पाण्याची भरलेली बाटली मावली तर ती, नाहीतर किलोभर वाळूची घट्ट पुरचुंडी घाला. भरलेल्या पिस्तुलाचं वजन साधारण तेवढंच. शेवटी खरं पिस्तूल घालून बघायचं तेव्हा मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासलेला, राउंड दुसऱ्या खोलीत.

आता मूळ दुखणं. मांडी वर जाड, खाली बारीक. ५७ सें.मी.वर घट्ट केलेला पट्टा चार बोटं खाली आला की आपोआप सैल होतो, मग वजन त्याला आणखी खाली ओढतं. म्हणून कितीही आवळा, उपयोग नाही. वजन कमरेच्या पट्ट्यानं उचलायचं, मांडीच्या पट्ट्यानं होल्स्टर फक्त अंगाला धरून ठेवायचं. तुमच्याकडं उलटं चाललंय.

उभा पट्टा जेवढा आखूड होईल तेवढा करा. ताठ उभं राहून हात मोकळा सोडा. पिस्तुलाची मूठ मनगटाच्या आसपास आली पाहिजे. मूठ धरायला खांदा झुकवावा लागला तर होल्स्टर अजून खाली आहे. वरचा आडवा पट्टा जांघेच्या अगदी खाली येईल. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, पण तिथं मांडी कमी हलते, म्हणून आपटणं थांबतं. जाकीट घातल्यावर त्याची खालची कड आणि मूठ यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी राहतील एवढंच खाली सोडा, जास्त नाही.

मांडीवर होल्स्टर आणायचं कारणच ते होतं, कमरेवर जाकीट आणि बाकीचं सामान आड येतं म्हणून. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासाच्या कारवाईत ब्रिटिश एसएएस कमांडोंच्या मांडीवर ब्राउनिंग हाय-पॉवर होतं, म्हणजे तुमच्या पिस्तुलाचंच घराणं. पण जाकीट नसेल त्या दिवशी कमरेवरचंच होल्स्टर बरं. हे फक्त दिसायला भारी म्हणून दिवसभर मांडीवर किलोभर वजन बाळगण्यात शहाणपणा नाही.

कमरेचा पट्टा कुठला आहे? रुंदी आणि जाडी सांगा.

बाळीवेसकर
साधा कापडी, दीड इंची. होल्स्टरचा लूप मात्र सव्वादोन इंची आहे, त्यात पट्टा डुलतो.

नेम_नीट
मग अर्धं उत्तर तिथंच आहे, मालक. मऊ पट्टा वजनानं बाहेर वळतो आणि होल्स्टर अंगापासून सुटून लोलकासारखं हलतं. दोन इंची कडक पट्टा घ्या, हातात आडवा धरून टोक सोडलं तर लवकर वाकू नये असा. आत पँटचा पट्टा, वर हा, आणि दोन्ही एकत्र धरणाऱ्या छोट्या बटणाच्या पट्ट्या किमान चार. त्यातल्या दोन होल्स्टरच्या लूपला दोन्हीकडून चिकटवून लावा.

पुढं येण्यावर फुकटचा उपाय: पट्टा ओवताना होल्स्टरच्या लूपमध्येच पँटचा एक लूप अडकवून घ्या. म्हणजे पट्टा आधी होल्स्टरच्या लूपमध्ये, मग पँटच्या लूपमधून, मग पुन्हा होल्स्टरच्या लूपमधून बाहेर. होल्स्टर ना पुढं जात ना मागं. होल्स्टरमागच्या कडक प्लेटची मधली रेघ पँटच्या बाजूच्या शिवणीवर ठेवा. पुढचा मॅगझिनचा कप्पा रिकामा करून ते मॅगझिन डाव्या कमरेला न्या. पुढं अडकवलेलं वजन होल्स्टरला पुढंच फिरवतं.

हाडवैद्य_नाही_फिजिओ
मुंग्यांबद्दल. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा आणि मुंग्या, पण पायातली ताकद शाबूत, असं असेल तर संशय मांडीच्या पट्ट्यावर नको, कमरेच्या पट्ट्यावर घ्या. त्या भागाची संवेदना नेणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून खाली उतरते. घट्ट पट्टा, त्यावर एका बाजूचं वजन, आणि लूप बरोबर त्या टोकावर आला की ती दाबली जाते. लूप हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं मागं घ्या. पट्टा पोटाच्या मऊ भागावर नको, कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे.

मांडीचा पट्टा जास्त आवळला असेल तर खूण वेगळी: पट्ट्याखाली खोल वळ, त्याखालचा सगळा पाय जड, पोटरी भरून आल्यासारखी. दोन आठवडे पट्टा बदलूनही बधिरपणा राहिला किंवा जिना चढताना पाय लटपटला तर डॉक्टरांना दाखवा, होल्स्टरशी खेळत बसू नका.

तिपाई_शिलाई
आतल्या बाजूचं सोलणं तीन कारणांनी होतं. पट्ट्याची कड, बकलची जागा, आणि मेणबत्तीनं जाळलेलं पट्टीचं टोक. ते टोक टणक होतं आणि करवतीसारखं लागतं. बकल मांडीच्या पुढं-बाहेर आणा, आतल्या बाजूला फक्त सपाट पट्टी राहू द्या. उरलेलं लोंबतं टोक गुंडाळून रबरी कडीत अडकवा.

खालचा आडवा पट्टा काढून टाका. चालताना तिथला स्नायू फुगतो-आकसतो आणि पट्टा प्रत्येक पावलाला ढकलला जातो. एकच पट्टा, तो वर. जिथं पळापळ आणि भिंती-कुंपणं असतील तिथं खालचा लावा, एरवी नको.

वरचा पट्टा पूर्ण न ताणणारा असेल तर तोही त्रास देतो, कारण उकिडवं बसलं की मांडीचा घेर वाढतो. ५७ सें.मी. घेराला: ३८ मि.मी. नायलॉन पट्टी, आणि मधे तेवढ्याच रुंदीचं जाड इलॅस्टिक १८ ते २० सें.मी., मांडीच्या मागच्या बाजूला येईल असं. पूर्ण इलॅस्टिकचा पट्टा करू नका, महिन्याभरात ढिला पडतो. स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीनची चकचकीत पट्टी कडीतून घसरते, तीही नको. इलॅस्टिकच्या आतून न्यूट्रल सिलिकॉन सीलंटच्या तीन बारीक रेघा ओढून २४ तास वाळू द्या, कापडावर पकड येते. बाथरूमचा आंबट वासाचा सीलंट आणू नका.

जोड शर्टाच्या मशीनवर होत नाही, सुई वाकते. आपलं गाव युनिफॉर्मचं. पँटचे लूप टाचायचं बारटॅक मशीन ज्या कारखान्यात आहे तिथं विचारा, पाच मिनिटांचं काम. नाहीतर बॅगवाल्याच्या जड मशीनवर चौकट आणि आत फुली, १८ नंबरची सुई, बाँडेड नायलॉन दोरा. सुती दोरा घामानं कुजतो.

आत फोम किंवा निओप्रीनचं अस्तर सुचवतील. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते म्हणजे मांडीला बांधलेली ओली चादर. जाळीदार अस्तर लावा, बूट-बॅगवाल्यांकडं मिळतं. रोज रात्री पट्टा साध्या पाण्यानं धुवा, घामाचं मीठ वाळलं की तेच कातडी घासतं.

सातरस्ता_७
माझ्याकडं परवान्याचं .३२ बोरचं हत्यार आहे. शेतावर जाताना असलं होल्स्टर चालेल का?

नेम_नीट
रस्त्यानं जाताना नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकानं सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं ठेवायचं. मांडीवर उघडं मिरवणारं त्यात बसत नाही. तुम्हाला कमरेचं, शर्टाखालचं बघा.

बाळीवेसकर, एक राहिलं. "सगळ्यांना चालतं" प्रकारात तुमच्या पिस्तुलाचं मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या मांडीवर बांधल्यावर अंगाकडं येतं. जाड फोमची भिंत त्यावर दाबली की बसता-उठता मॅगझिन अर्धं सुटतं आणि कळतही नाही. रिकामं मॅगझिन लावून २० वेळा उठा-बसा आणि प्रत्येक वेळी मॅगझिन हातानं वर दाबून बघा. हललं तर तिथला फोम कापून खळगा करा. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला जातोय का हेही बघा. आणि मुठीच्या कडीला लॅनयार्ड (पिस्तूल अंगाला बांधायची दोरी) लावत असाल तर कमरेच्या होल्स्टरला पुरते तेवढी दोरी इथं पुरणार नाही. हात पूर्ण पुढं ताणून मोजा, वर एक वीत जादा.

बाळीवेसकर
धन्यवाद सगळ्यांना. पट्टा बदलला, होल्स्टर ११ सें.मी. वर घेतलं, खालचा पट्टा काढला, मॅगझिन डावीकडं. बाटली घालून तीन मजले चार वेळा चढलो, नंतर मैदानात पळालो. सरकणं बंद. बकल बाहेर आणल्यावर सोलणंही कमी. बटण मात्र खरंच दाबलं जात होतं, तिथला फोम कापला.

आता फक्त जीप. पुढच्या डाव्या सीटवर बसलं की सीटबेल्टचं बकल बरोबर होल्स्टरखाली येतं, आणि प्लेटचं वरचं टोक बरगडीत घुसायलंय.

नेम_नीट
वर बांधल्याची ती किंमत आहे. आधी सीटबेल्ट लावा, मग ढुंगण सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून मांडी थोडी बाहेर. मांडीचा पट्टा एक घर सैल, उतरताना परत घट्ट. कडी बाहेरच्या बाजूला असल्यानं एका हातानं होतं. उभ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला फिरणारा खिळा असलेला लूप मिळाला तर प्लेट मांडीबरोबर आडवी होते आणि बरगडी सुटते. उभ्या पट्ट्याची क्लिप सोडून बसायची सवय मात्र लावू नका, घाईत उतरताना सगळं वजन मांडीवर येईल.

तिपाई_शिलाई
प्लेटचं वरचं टोक गोल कापून घ्या, अण्णा. आधी पुठ्ठ्यावर आकार काढा, मग प्लेट कापा, आणि कडेला पट्टी मारून घ्या. बॅगवाला करून देईल.