मदत हवी आहे: अप्पर-लोअर स्प्लिट तासाभरात कसं बसवू?

नमस्कार मंडळी, स्नायू वाढवण्यासाठी आठवड्याचं वेळापत्रक आखतोय. सोम, मंगळ, गुरू, शुक्र एवढेच दिवस जिमला जाता येतं, तेही तासभर. आत्तापर्यंत फुल बॉडी करत होतो, पण वजनं वाढली तसं एका सत्रात सगळं उरकेना. जड स्क्वॉट झाल्यावर रोइंगला (वजन अंगाकडे ओढण्याचा व्यायाम) अंगात जीवच उरत नाही.

पुश-पुल-लेग्ज (ढकलण्याचे, ओढण्याचे आणि पायांचे व्यायाम वेगवेगळ्या दिवशी) चार दिवसांत नीट बसत नाही, पाय एकदाच येतात. म्हणून अप्पर-लोअर (एक दिवस कमरेच्या वरचं अंग, एक दिवस पाय) दोनदा, म्हणजे प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोन वेळा काम. ('सोमवारी फक्त छाती' हा प्रकार मला मुळातच पटत नाही.)

घोडं अडलंय ते अप्परच्या दिवशी. बेंच प्रेस, रोइंग, शोल्डर प्रेस, पुलडाउन, शिवाय बायसेप्स आणि ट्रायसेप्स. प्रत्येकी ३ सेट धरले तरी १८ सेट होतात, आणि मोठ्या व्यायामांत सेटमागे २-३ मिनिटं विश्रांती घेतली की तास कधीच संपतो. विश्रांती कापायची नाहीये, कारण मग पुढच्या सेटला रेप्स (आवर्तनं) कमी होतात. मग हातांचे व्यायाम सुपरसेटमध्ये (दोन व्यायाम मध्ये न थांबता पाठोपाठ) करू, की लोअरच्या दिवशी ढकलू? बेंच आणि रोइंग आलटून पालटून केलं तर वेळ वाचेल, पण गर्दीत दोन जागा अडवणं बरं दिसत नाही.

दुसरं म्हणजे, मंगळवारी स्क्वॉट आणि शुक्रवारी साधी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ठेवू, की स्नायूंसाठी रोमानियन डेडलिफ्टच (गुडघे जरासेच वाकवून, वजन जमिनीवर न टेकवता) पुरे? असंच वेळापत्रक चालवणाऱ्यांनी आपली मांडणी सांगितली तर फार बरं होईल.