मदत हवी आहे : अप्रेंटिसशिपसह संगणकाची पदवी, काम आणि अभ्यास दोन्ही निभत नाही

सत्तरीची_लेक
मी अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेला संगणकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम करते आहे. आठवडाभर कंपनीत काम आणि शनिवारी महाविद्यालयात तास, अशी रचना आहे. अंतर्गत परीक्षा तोंडावर आली आहे आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्राहकाला नवी आवृत्ती द्यायची असल्याने वरिष्ठांनी सगळ्यांना उशिरापर्यंत थांबायला सांगितले आहे. महाविद्यालयात विचारले तर कंपनीशी बोला म्हणतात, कंपनीत विचारले तर अभ्यास घरी करा म्हणतात. दोन्हींपैकी एक सोडणे एवढाच मार्ग उरला आहे का? कृपया लवकर सांगा, मला या आठवड्यातच ठरवायचे आहे.

जुना_प्रोग्रामर
घाईने काहीही सोडू नका. मात्र एवढ्या माहितीवर नेमके उत्तर देता येणार नाही. कंपनी कुठे आणि घर कुठे? कितवे सत्र, कोणते विषय अडले आहेत? आणि मुख्य म्हणजे करारपत्रावर महाविद्यालयाची सही आहे का, कामाच्या तासांविषयी त्यात काय लिहिले आहे?

म्हापसेकर
सुरुवातीची वर्षे कामालाच द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताला काम लागले की पदवी मागाहून घेता येते. मी नोकरी सांभाळून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून एमसीए केले. आता तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीही आहे. तिथे प्रवेश घ्या, रोजच्या हजेरीची कटकट उरणार नाही.

अभ्यासिका
म्हापसेकर, त्या ऑनलाइन पदवीलाही दर आठवड्याचे स्वाध्याय असतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, त्यामुळे वेळेचा प्रश्न तिथेही सुटत नाही. शिवाय यांच्या अभ्यासक्रमात कंपनीतल्या कामालाच क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) आहेत. एक सोडले तर दुसरेही अर्धवट राहील, हे लक्षात न घेता सल्ला देऊ नये.

कोड_आणि_कॉफी
प्रवासात अभ्यास करायचा असेल तर हलक्या वजनाचा, 16 जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यावा. पडद्याचा आकार 14 इंचांपेक्षा मोठा नको.

सत्तरीची_लेक
लॅपटॉप आहे, अडचण ती नाही. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ, कंपनी वेर्ण्याला. पहाटेच्या बसने पणजी, तिथून दुसरी बस. तिसरे सत्र चालू आहे. डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी प्रणाली) आणि डिस्क्रीट मॅथ्स (सुट्या घटकांचे गणित) हे विषय मागे पडले आहेत. करारावर महाविद्यालयाची सही आहे, पण तासांविषयी ‘आस्थापनेच्या नियमांनुसार’ एवढेच शब्द आहेत. काम औषध वितरकांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमधल्या तक्रारी सोडवण्याचे. परवाचीच तक्रार अशी होती की एकाच वितरकाचे दोन बिलांवर दोन वेगळे फोन क्रमांक छापले जात होते.

लंडनवासी
इंग्लंडमध्ये 2015 पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे आणि तिथे प्रशिक्षणाचा वेळ पगारी कामाच्या तासांतूनच द्यावा लागतो. तुम्हीही तशीच मागणी करावी.

म्हापसेकर
तिथला नियम वेर्ण्यातल्या कंपनीला लागू होत नाही. मुलीला उगाच भांडायला लावू नका. वेर्ण्याजवळ खोली घ्या, प्रवास वाचेल.

फोंडेकर
विद्यावेतनात वेर्ण्याजवळची खोली आणि जेवण दोन्ही भागणे कठीण आहे. घर सोडायचेच असेल तर फोंड्याला राहावे. बोरीच्या पुलावरून वेर्णे गाठता येते, पणजीच्या रस्त्यावरच्या झुआरी पुलाकडे जावे लागत नाही आणि शनिवार-रविवार घरी जाणेही सोपे. घरूनच येणार असाल तरी होंडा, उसगाव, फोंडा हा मार्ग एकदा पडताळून पाहा.

जुना_प्रोग्रामर
आता चित्र स्पष्ट झाले. इंग्लंडचा नियम इथे चालणार नाही हे खरे, पण म्हणून मागणी करणे म्हणजे भांडण, हे मला मान्य नाही. आपल्याकडच्या 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तुम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहात, आणि सरकारने नेमलेल्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मान्यतेशिवाय प्रशिक्षणार्थीला जादा वेळ काम करायला लावता येत नाही. ती मान्यताही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची खात्री पटली तरच देता येते. परीक्षेच्या आठवड्यात उशिरा थांबवले जात असेल, तर हा मुद्दा नम्रपणे, पण लेखी मांडावा.

दुसरे, अभ्यासाचे तास मोजून सांगा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचे अध्ययन. चार क्रेडिटच्या विषयाला 120 तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 8 तास, आणि त्यात वर्गातले तासही आले. तुमचे विषय मांडून, शनिवारचे तास वजा करून उरलेला आकडा वरिष्ठांना दाखवा. ‘अभ्यासाला वेळ मिळत नाही’ असे म्हटले की ती कुरकुर वाटते. ‘बुधवारी दुपारनंतर तीन तास हवेत’ असे म्हटले की त्यावर हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते. पत्राची प्रत महाविद्यालयाच्या समन्वयकांना पाठवा, म्हणजे टोलवाटोलवी थांबेल.

तिसरे, ती फोन क्रमांकांची तक्रार हाच तुमच्या डीबीएमएसचा धडा आहे. बिल क्रमांकावरून वितरकाचा संकेतांक ठरतो आणि संकेतांकावरून फोन. फोन बिलाच्या टेबलात ठेवला की तो प्रत्येक बिलागणिक पुन्हा लिहिला जातो आणि कुठेतरी जुना राहतो. तो वितरकांच्या टेबलात हलवणे म्हणजेच थर्ड नॉर्मल फॉर्म (टेबलांतली पुनरुक्ती टाळणाऱ्या मांडणीचा एक नियम). त्या विषयाच्या प्रकल्पासाठी हेच उदाहरण घ्या, दिवसभराचे काम रात्रीच्या अभ्यासात जमा होईल.

अभ्यासिका
पूर्ण सहमत, पण एक सावधगिरी हवी. ग्राहकाचा खरा डेटा प्रकल्पात वापरू नका. रकान्यांची नावे बदला, नोंदी काल्पनिक भरा आणि तरीही कंपनीची लेखी परवानगी घ्या. आणि बसमध्ये नवे प्रकरण वाचण्याचा अट्टहास करू नका, उभे राहून ते होत नाही. तिथे फक्त व्याख्यांची उजळणी करा.

म्हापसेकर
कायद्याचा उल्लेख पहिल्याच पत्रात केला तर वरिष्ठ दुखावतील. आधी तोंडी बोलावे, असे मला अजूनही वाटते.

जुना_प्रोग्रामर
तोंडी अवश्य बोला, पण त्याच संध्याकाळी ‘आपले असे ठरले’ म्हणून ईमेल पाठवा. कायद्याचे कलम दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवले तरी चालेल.

सत्तरीची_लेक
वरिष्ठांनी गुरुवारी वेळ दिली आहे आणि समन्वयक फोनवर हजर राहतो म्हणाले आहेत. बुधवारचे तीन तास आणि परीक्षेच्या आठवड्यात वेळेवर सुटका, एवढेच मागणार आहे. सध्या काहीही सोडत नाही. डिस्क्रीट मॅथ्सची सुरुवात कुठून करावी, एवढे कोणी सांगाल का?

अभ्यासिका
संच आणि रिलेशन्स (संचांतल्या घटकांमधले संबंध) या प्रकरणांपासून करा. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) त्याच गणितावर उभे आहे, त्यामुळे तिथला प्रत्येक तास डीबीएमएसलाही उपयोगी पडेल. ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित) त्यानंतर घ्या. मागच्या सत्रांच्या प्रश्नपत्रिका शनिवारी ग्रंथालयातून घेऊन ठेवा.