कोरोनरी फिस्टुला आणि छातीतले दुखणे

प्रश्न (सातरस्तावासी, सोलापूर): माझ्या थोरल्या बहिणीला बसून विड्या वळताना काही होत नाही, मात्र जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते. अँजिओग्राफीत अडथळा नाही, परंतु हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीतून फुप्फुसधमनीकडे जाणारी एक जादा वाट (कोरोनरी फिस्टुला) दिसली. हेच दुखण्याचे कारण असेल का? शस्त्रक्रिया अटळ आहे का?

उत्तर (निवृत्त फिजिशियन): असू शकते, कारण फुप्फुसधमनीत दाब कमी असल्याने रक्त तिकडे वळते आणि श्रमाच्या वेळी त्या वाटेच्या पुढच्या हृदयस्नायूला ते अपुरे पडते. तथापि असे लहान फिस्टुला पुष्कळदा निरुपद्रवी असतात व योगायोगाने सापडतात, म्हणून दोष त्याच्याच माथी मारण्यापूर्वी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली त्याची सोनोग्राफी) किंवा थॅलियम चाचणीने (हृदयस्नायूचा रक्तपुरवठा दाखवणारे स्कॅन) स्नायूला खरोखर रक्त कमी पडते का, हे पाहावे. वाट नेमकी कोठून निघते आणि कोठे उघडते, हे सीटी अँजिओग्राफीत उत्तम कळते. ती मोठी असेल किंवा त्रास तिच्यामुळेच ठरला, तर मांडीतून अथवा मनगटातून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन कॉइलने (तारेच्या वेटोळ्याने) बंद करता येते. फारच नागमोडी किंवा अनेक तोंडांची असेल तरच बहुधा शस्त्रक्रिया लागते.

उत्तर (जुळे सोलापूरकर): माझ्या मेहुण्यांना केवळ गोळ्या आणि ठरावीक काळाने इको एवढेच सांगितले आहे. दुसरे मत घेताना, ताई, नुसता अहवाल नेऊ नका, अँजिओग्राफीची सीडीही न्या. आराम करतानाही दुखू लागले किंवा घाम सुटला, तर मात्र तडक इस्पितळ गाठा.